हरमलची विभूती : राख की शेडी?

मंडळाच्या मागच्या बैठकीत चहा येईपर्यंत एका सभासदाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाई, हे वाचलात?" वाचले. परशुरामाने पेडण्यातल्या हरमलला अश्वमेध यज्ञ केला, त्या यज्ञाच्या राखेचा डोंगर आजही तिथे आहे, आणि (इथून अक्षरे ठळक) 'गोव्यातील एका इंजिनीअरने प्रयोगशाळेत तपासून ही माती नसून राखच आहे असे सिद्ध केले आहे'. खाली हात जोडल्याची चित्रे आणि पुढे पाठवा अशी विनंती.

मी म्हटले, हा इंजिनीअर कोण ते मला ठाऊक आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो इंजिनीअर म्हणजे मी.

झाले होते असे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्मरणिकेसाठी मी पेडणे महालावर चार पाने लिहून दिली होती. इतिहास लिहिण्याची ती माझी पहिलीच खटपट. त्यात हरमलच्या भस्माच्या डोंगराबद्दल एक वाक्य होते : 'ही विभूती पोर्तुगीज काळात प्रयोगशाळेत तपासली गेली होती व ती राख असल्याचे आढळले असे सांगतात.' कोण सांगतात? एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले एक गृहस्थ. कुठली प्रयोगशाळा, कुठले साल, कागद कुठे, यातले मी काही विचारले नाही. इंजिनीअर म्हणून सिमेंटच्या गोणीचा तपासणी-दाखला नसला तर मी गाडी परत पाठवत असे, पण इथे लाडू खाता खाता ऐकलेले छापून मोकळा झालो. लेखाखाली माझ्या नावापुढे पदवी होतीच. पुढे कोणीतरी 'असे सांगतात' गाळले, कोणीतरी पोर्तुगीज काळ गाळला, पदवी मात्र वाक्याला चिकटून राहिली. आता ते वाक्य फिरून माझ्याच पुराव्याने मला पटवायला आले होते.

हसण्यावारी नेता आले असते. पण आमच्या ओळखीच्या एका काकांचे आठवते. साखरेचा आजार, पायाच्या अंगठ्याजवळ जखम. घरच्यांनी त्यावर हरमलची विभूती लावली. 'त्यात खनिजे आहेत, तपासलेली आहे' असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. सांगणाऱ्याने माझे वाक्य वाचले होते की नाही हे मला कधीच कळणार नाही. अंगठा गेला. जखम तशीही चिघळली असती, असे डॉक्टर म्हणाले असतील. मी विचारायला गेलो नाही. तेव्हापासून हा लेख लिहायचा होता.

आता मूळ गोष्ट. मोरजीहून उत्तरेला निघालात की आश्वे, मांद्रे आणि मग हरमल. त्याच्याही पुढे केरी आणि तेरेखोलची खाडी. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, नवी भूमी काढली आणि हरमलला यज्ञ केला, त्याची खूण म्हणून तिथली पांढरी माती 'विभूती' म्हणून दाखवतात, ही आख्यायिका गोव्याबद्दलच्या जुन्या-नव्या पुस्तकांतून सर्रास येते. मी लहान असताना आमच्याकडे देव्हाऱ्यात एक पुडी असायची. आजी ती कपाळाला लावायची. तिने ती राख आहे की माती याची चौकशी कधी केली नाही आणि तिला तशी गरजही नव्हती. चौकशीची गरज 'सिद्ध झाले' म्हणणाऱ्याला लागते. श्रद्धेने कपाळाला लावणे आणि पुरावा म्हणून पुढे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखात मी फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो आहे.

राखेचा डोंगर हे ऐकूनच अशक्य म्हणून हसणारे काही मित्र आहेत. त्यांनाही सबुरीने घ्यायला सांगतो, कारण राखेचे डोंगर खरोखर असतात. आपल्या पूर्वेला, कर्नाटकातल्या बळ्ळारी-रायचूर पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या तेलंगण-आंध्रात, असे कितीतरी ढिगारे आहेत. काही तर घराएवढे उंच. लोक त्यांनाही राक्षसाच्या चितेची किंवा ऋषींच्या यज्ञाची राख म्हणत आले. एकोणिसाव्या शतकात न्यूबोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्यांची नोंद केली, पुढे रॉबर्ट ब्रूस फूटने त्यांचा अश्मयुगाशी संबंध लावला. शंभर वर्षे वाद चालला : ज्वालामुखी, धातू गाळण्याची भट्टी, सतींच्या चिता, काय काय. अखेर १९५७ साली ऑल्चिन या पुरातत्त्वज्ञाने उटनूरचा ढिगारा खणला. आत गुरांच्या गोठ्याचे कुंपण, लाकडी खांबांच्या खुणा आणि चक्क गुरांच्या खुरांचे ठसे निघाले. राख शेणाची होती. नवाश्मयुगातले गुराखी गोठ्यात साचलेले शेण पुन्हा पुन्हा पेटवत होते, सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी. पुढे आपल्या डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या यांनी बुदिहाळला वर्षानुवर्षे खणून त्यात आणखी भर घातली.

म्हणजे तिथल्या लोकांचे 'ही राख आहे' हे म्हणणे बरोबर ठरले, 'कोणाची' हे चुकले. तेव्हा हरमलच्या बाबतीतही आधीच निकाल लावून चालणार नाही. तपासायला हवे.

तपासण्याआधी एक साधा हिशेब. लाकूड जाळले की वजनाच्या शेकडा एकच्या आसपास राख उरते, सालीसकट जाळले तर थोडी जास्त. समजा ढीग २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. डोंगर म्हणायला हे अगदीच किरकोळ. घनफळ झाले १००० घनमीटर. राख हलकी, घनमीटरला अर्धा टन धरू. ५०० टन राख. तिच्यासाठी ५०,००० टन सुके लाकूड लागेल, म्हणजे दहा टनी ट्रक पाच हजार. आणि ही राख पहिल्या पावसाआधीची. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. लाकडाच्या राखेतला पोटॅशचा भाग पाण्यात सरळ विरघळतो. आपल्या आज्या राखेच्या पाण्याने कपडे धूत त्या याच गुणावर. उरलेला चुन्याचा भाग सावकाश जातो. दोन-चार हजार पावसाळे उघड्यावर काढून राखेचा पांढराशुभ्र ढीग तसाच राहणे कठीण. शेणाचे वेगळे. सुक्या शेणाची पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त राख उरते, शिवाय तिच्यात गवतातली वाळू, म्हणजे सिलिका, भरपूर असते, आणि बळ्ळारीकडे पाऊस आपल्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून तिथे ढिगारे टिकले.

हिशेबाने शंका येते, निकाल लागत नाही. निकालासाठी हात मातीत घालावे लागतात. माझी पहिली नोकरी बांधकामावरची, आणि नव्या पोराला मातीच्या प्रयोगशाळेत टाकतात तसे मलाही टाकले होते. तिथे शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे मातीची दोरी वळणे. ओलसर गोळा काचेवर तळव्याने फिरवायचा. ३ मिलिमीटर जाडीची दोरी न तुटता वळली तर ती चिकणमाती. ही चाचणी अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिली, आणि आजही जगभर रस्ते-धरणे बांधताना तीच करतात. राखेची अशी दोरी होत नाही. राखेला पाणी घातले की चिखल होतो, वळायला गेले की फुटतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे हरमलला गेलो. तीन ठिकाणची पांढरी माती थोडी थोडी, वाटीभर, उचलली. उकरायला लागलो नाही. आधीच घसरून पडलेली घेतली. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काम. तिन्ही नमुन्यांची दोरी वळली, एकाची तर सुतळीसारखी. तुलनेला शेजारच्या चुलीतली चाळलेली राख घेतली होती. तिची दोरी झाली नाही. मग दोन्हींवर व्हिनेगर ओतले. चुलीची राख फसफसली, कारण तिच्यात चुन्याचे कार्बोनेट असते. हरमलची माती गप्प. मग जास्वंदीची फुले गरम पाण्यात टाकून त्या लालसर पाण्याचे दोन भाग केले. एकात राखेचे निवळलेले पाणी घातले, ते हिरवट झाले, म्हणजे अल्कली आहे. दुसऱ्यात हरमलच्या मातीचे पाणी, त्याचा रंग हलला नाही. शेवटी भिंगाखाली दोन्ही पाहिले. चुलीच्या राखेत कोळशाचे काळे कण जागोजाग. पांढऱ्या मातीत कोळसा नव्हता. होते ते बारीक गारेचे चकाकते कण आणि मधून मधून गुलाबी-पिवळी छटा. सुका खडा जिभेला लावला तर चिकटतो. मातीच्या प्रयोगशाळेतले जुने लोक असेच ओळखत. (आमच्या सौभाग्यवतींनी हे पाहिले आणि त्यानंतर जेवायला वाढले नाही, तो भाग सोडून देऊ.)

यातली कुठलीही चाचणी घरी करता येते आणि करावी. आमच्यावर विश्वास ठेवू नका. आमच्यासारख्यावरच्या विश्वासानेच हा घोळ झाला.

मग ही आहे तरी काय? उत्तर आपल्या पायाखाली आहे. गोव्याचा सडा, म्हणजे वरचे सपाट पठार, जांभ्याचा. आपण ज्याचे चिरे काढतो तो दगड. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारातल्या अंगाडिपुरम इथला हाच दगड पाहून त्याला लॅटराइट नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. ओला असताना कुऱ्हाडीने कापता येतो, हवेत राहून कडक होतो, हे त्याने तेव्हाच लिहून ठेवले. आपल्या चिरेखाणीवरच्या माणसाला ते सांगायला नको.

जांभा कसा होतो? उष्ण हवा, मुबलक पाऊस आणि लाखो वर्षे. पाणी खडकातून झिरपत राहते, विरघळणारे सगळे, सोडा, पोटॅश, चुना, बरीचशी सिलिका, वाहून नेते. वरच्या थरात उरतात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमचे गंज. तो लाल कडक थर म्हणजे जांभा. त्याच्या खाली मात्र वेगळा थर असतो. तिथे मूळ खडकातले फेल्डस्पार नावाचे खनिज कुजून त्याची केओलिन ही पांढरी चिकणमाती होते, आणि जिथे लोखंड धुऊन गेले तिथे ती अगदी पांढरी दिसते. जिथे थोडे राहिले तिथे गुलाबी, पिवळी, जांभळट. त्याच्याही खाली अर्धवट कुजलेला खडक आणि मग शाबूत खडक. किनाऱ्यावर जिथे सड्याची कड समुद्राच्या बाजूला तुटते तिथे हे थर केक कापल्यासारखे उघडे पडतात : वर लाल, खाली पांढरे. डिचोलीच्या खाणींवर काम केलेल्यांना ही पांढरी-गुलाबी माती नवी नाही, खनिजाच्या आधी तीच उपसावी लागे.

आपल्या भाषेत तिला नाव आहे. शेडी. घाटावर शाडू म्हणतात तिचीच बहीण. हरमलला एका घराच्या पडवीत आम्ही पाणी प्यायला थांबलो. ऐंशीच्या पुढच्या एका आजीने माझ्या हातातली पिशवी पाहिली. म्हटले, आजये, ही विभूत म्हणतात ती. आजी म्हणाली, "पुता, ही शेडी. दिवाळेच्या आदी आमी भिंतींक लायताल्यो." मग जरा थांबून, "विभूत देवाफुडें दवरली की विभूत." माझ्या तीन चाचण्या आणि तिची दोन वाक्ये. मी ती वहीत लिहून घेतली.

ही शेडी किती खरी आहे हे पेडण्याने आणखी एका प्रकारे अनुभवलेले आहे. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा आठवा. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या मार्गावरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यापुढे काहीच नाही. पण करबुडे खडकातून गेला, पेडणे गेला पाण्याने भिजलेल्या याच जातीच्या मऊ मातीतून. खोदावे आणि ढासळावे, पुन्हा खोदावे आणि पुन्हा ढासळावे, असे वर्षानुवर्षे चालले. सगळी लाईन तयार आणि पेडण्याचा बोगदा बाकी, अशी स्थिती आली. तो पुरा झाला तेव्हा कुठे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. त्या काळात मीही ऐकले आहे की बोगदा राखणदाराच्या वाटेत येतो म्हणून ढासळतो, कौल घेतला नाही म्हणून ढासळतो. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याची भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये आतून पाणी-चिखल उसळून गाड्या थांबल्या, तेव्हा तेच मोबाईलवर पुन्हा आले. दोन्ही वेळा ऐन पावसाळा होता. शेडी कोरडी असते तेव्हा भिंतीसारखी उभी राहते, भिजली की लोण्यासारखी सुटते. राखणदाराला यात ओढायचे कारण नाही.

म्हणजे एकाच मातीच्या दोन कहाण्या. किनाऱ्यावर ती यज्ञाची राख झाली, आत डोंगरात ती कोप झाली.

हरमललाच तिसरीही कहाणी चालते, ती पर्यटकांसाठीची. किनाऱ्यामागच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे परदेशी आणि आता देशीही मंडळी अंगाला पिवळसर चिखल फासून उन्हात बसतात. त्यात गंधक आहे, त्वचेचे रोग जातात, असे त्यांना सांगितले जाते. पिवळा रंग पाहून गंधक म्हणणे सोपे आहे, पण जांभ्याखालच्या मातीला पिवळेपणा लोखंडाच्या गंजाचा असतो. चिमूटभर सुका चिखल जुन्या चमच्यात घेऊन तापवा. गंधक असेल तर निळी ज्योत आणि नाकात झोंबणारा धूर येईल. लोखंडाची पिवळी माती तापली की लालसर होते, आपल्या कौलांसारखी. आम्ही नेलेला चिखल लाल झाला. तळ्याच्या कडेला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो पालापाचोळा कुजून येतो, कुठल्याही चिखलट खाजणात येतो. अंगाला चिखल फासून ऊन खाण्याला माझी हरकत नाही, मजा येत असेल. उघड्या जखमेला मात्र माती लावू नका. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

आता परशुरामाचे काय, असे विचारणारे असतीलच. या कथेला खऱ्या पुराव्याची बाजू आहे आणि ती डोंगराहून भक्कम आहे असे माझे मत. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्राने जामदग्न्य रामासाठी शूर्पारकाची, म्हणजे नालासोपाऱ्याकडची, भूमी मोकळी करून दिल्याचे येते. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा दानलेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात शूर्पारकातल्या रामतीर्थाचा उल्लेख आहे. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूची सेना अपरांतात उतरवताना रामाच्या अस्त्राने हटलेल्या समुद्राची आठवण काढली आहे. म्हणजे ही कथा कोकणपट्टीत किमान दीड हजार वर्षे नांदते आहे हे दगडात आणि ग्रंथांत दाखवता येते. सह्याद्रिखंडाची छापील प्रत १८७७ साली मुंबईत सिद्ध केली ती जुझे गेर्सन दा कुन्हा या बार्देशातल्या डॉक्टरने, म्हणजे आपल्याच माणसाने. पैंगिणीला परशुरामाचे देऊळ आहे. एवढी संपत्ती असताना वाटीभर शेडीचा दाखला कशाला हवा?

आणि खरा यज्ञ झाला तर काय उरते तेही पाहायला मिळते. डेहराडूनजवळ जगतग्रामला १९५०च्या दशकात उत्खनन झाले, तिथे विटांची वेदी निघाली. विटांवर लेख आहे : शीलवर्मन राजाच्या चौथ्या अश्वमेधाचा. तिसऱ्या शतकातला. राखेचा डोंगर नाही, पण वीट स्वतःच बोलते. हरमलला उद्या अशी एक वीट निघाली तर मी पहिला तिथे धावेन.

दुसरा दावा जास्त शास्त्रीय कपड्यांत येतो : बाण मारून समुद्र हटला ही समुद्राची पातळी खाली गेल्याची लोकस्मृती आहे. हा मला पूर्वी फार आवडायचा. पण दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यावर केलेली कामे आणि जगभरची आकडेवारी उलटेच सांगतात. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपला किनारा तेव्हा कित्येक किलोमीटर पश्चिमेला. मग बर्फ वितळले आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वीपर्यंत समुद्र वर वर येत राहिला. त्यानंतरची चढउतार काही मीटरांची. म्हणजे माणसाने पाहिलेली मोठी घटना समुद्र आत आल्याची, मागे गेल्याची नव्हे. लोकस्मृती असती तर जमीन बुडाल्याची असती. कोणी म्हणतात की बांध घालून खाजने काढली, खाऱ्या पाण्याकडून शेत मिळवले, त्या कष्टाची ही कथा झाली. हे मला अजूनही आवडते, पण आवडते एवढेच. पुरावा माझ्याकडे नाही, आणि एकदा पोळलो आहे.

आमच्या मोबाईलवरच्या मजकुरात 'आश्वे' हे गावाचे नावही अश्वमेधाच्या अश्वावरून आले असे म्हटले होते. नावांच्या व्युत्पत्तीचा खेळ कानाला गोड लागतो. जुन्या दफ्तरात, सावंतवाडीच्या अमलातल्या किंवा १७८८ नंतरच्या पोर्तुगीज कागदांत, ते नाव कसे लिहिले आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर बोलू नये. आजच्या उच्चारावरून मोरजीत मोर आणि हरमलात हर शोधता येतो, उद्या कोणी मांद्र्यात मंदार पर्वतही शोधेल.

तारखांच्या बाबतीतही हाच घोळ होतो. मे २००१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी खंभातच्या आखातात पाण्याखाली प्राचीन नगर सापडल्याचे जाहीर केले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या सोनारवर भूमितीसारखे आकार दिसले होते, आणि तळावरून ओरबाडून काढलेल्या गाळात लाकडाचा तुकडा मिळाला. दोन प्रयोगशाळांनी त्याची दोन वये काढली, एकीने इसवी सनापूर्वी ५५०० च्या सुमाराचे, दुसरीने ७५०० च्या. बातमी झाली : साडेनऊ हजार वर्षांचे शहर! लाकडाचे वय खरे असेल. पण ज्या आखातात भरती-ओहोटीचा जोर एवढा, नद्या एवढ्या, तिथे लाकडाचा ओंडका कुठूनही वाहत येतो. लाकडाचे वय म्हणजे शहराचे वय नव्हे. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती हे गेले की तिची साक्ष गेली. शेडीचेही तसेच. ती लाखो वर्षांची आहे, यात शंका नाही. म्हणून यज्ञ लाखो वर्षांपूर्वीचा ठरत नाही. मजकुराच्या दुसऱ्या एका आवृत्तीत नेमके तेच ठरवले होते.

हे सगळे लिहिताना मला २१ सप्टेंबर १९९५ आठवतो. गुरुवार, पितृपक्ष. पहाटे दिल्लीत एका देवळात गणपती दूध प्याला आणि दुपारपर्यंत देशभर, संध्याकाळपर्यंत लंडनपर्यंत पसरले. तेव्हा मोबाईल नव्हते म्हटले तरी चालेल, सगळे एसटीडी बूथवरून. मी साईटवर. आईने शेजाऱ्यांच्या फोनवरून ऑफिसात निरोप ठेवला, आमचा पितळी गणपती पितोय, लवकर ये. संध्याकाळी आलो आणि पाच मिनिटांत तिला दाखवले. चमचा सोंडेला टेकला की दुधाचा पृष्ठताण त्याला वर ओढून घेतो, मग ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते. पांढरे असल्याने दिसत नाही. दुधात कुंकू घातले, लाल ओघळ दिसला. सरकारच्या वैज्ञानिकांनीही तेव्हा रंगीत दूध घेऊन हेच दाखवले होते. आई काही बोलली नाही. गणपती पुसला आणि चमचा धुवायला घेऊन गेली. माझे बरोबर होते. पण त्या दिवशी सकाळपासून वाडीतल्या पंधरा बायका आमच्या खोलीत येऊन बसल्या होत्या, त्यात आमच्याशी बोलणे सोडलेली चुलत घरचीही होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. मी फक्त ओघळ पाहिला होता.

म्हणून हरमलच्या बाबतीत मंडळात एक ठरले. डोंगराजवळ माहितीफलक लावावा अशी सूचना आहे, आणि मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले (शिक्षा म्हणूनच बहुधा). पहिल्या खर्ड्यात मी 'ही राख नाही' असे सुरू केले होते. एका सभासद बाईंनी ते खोडले. आताचा खर्डा असा आहे : लोक या मातीला परशुरामाच्या यज्ञाची विभूती मानतात. जांभ्याच्या खाली तयार होणारी ही केओलिनची पांढरी माती, शेडी. पूर्वी घरांच्या भिंतींना लावत. कृपया उकरू नये. जखमेला लावू नये.

'उकरू नये' हे सगळ्यात महत्त्वाचे. सड्याच्या कडेला शेडीचा थर उघडा असतो तिथे खालून माती काढली की वरचा जांभा आधाराशिवाय लटकतो आणि एखाद्या पावसाळ्यात मोठाले चिरे घेऊन खाली येतो. भक्त मूठभर नेतात, चिखलवाले बादलीभर, आणि प्लॉट पाडणारे जेसीबी लावून डोंगरच कापतात. या तिघांत विभूतीला खरा धोका कोणाचा हे सांगायला भिंगाची गरज नाही.

स्मरणिकेतले ते वाक्य मी या लेखाने मागे घेतो. पोर्तुगीज काळातल्या कुठल्याही तपासणीचा कागद मला मिळालेला नाही. कोणाकडे असेल तर मंडळाला दाखवावा, मी हाही लेख दुरुस्त करीन. शिवाय हरमल, पालये, केरी, मांद्रे भागात घराच्या भिंतींना शेडी कशी लावत, तिच्यात काय मिसळत, माती नेमकी कुठून आणत, हे ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल त्यांनी ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवावे. पडवीतल्या आजीला आम्ही चुलीचे सारवण विचारायचे राहिले. पुन्हा जायचे आहे, मे संपायच्या आत.